तुरटीची लाही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे बसते तेव्हाही हा विषय आला की मी घाईघाईनं उदबत्ती लावते आणि उठते. तुम्हाला सांगायचं ठरवलंय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं – आणि ते मला जमणार नाही.

आधी मी कोण, ते सांगते. दिग्रसला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत उन्हाळ्याच्या सुटीत मी मुलांचा हस्तकलेचा वर्ग घेते. गल्लीत मला तुरटीवाल्या मॅडम म्हणतात, आणि नाव काही चुकीचं नाही. माझ्याकडे सगळा कारभार तुरटीच्या पुडीवर चालतो. मैदा, मीठ आणि तुरटी मळून खेळायची माती करतो. ती महिनोन्महिने नासत नाही. गरम पाण्यात तुरटी विरघळेनाशी होईपर्यंत ढवळायची, त्यात लोकर गुंडाळलेली तार सोडायची आणि बरणीला हात न लावता निजायचं – सकाळी तारेवर खडीसाखरेसारखे खडे लगडलेले. मुलं अशी ओरडतात की शेजारचे काका उठून येतात. शेवटच्या आठवड्यात पळसाच्या फुलांनी रुमाल रंगवतो. कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजत घालायचं, मग रंगात. मुलांच्या आया नंतर सांगतात, मॅडम, चार वेळा धुतला पण पिवळा गेला नाही. नाही जाणार. तुरटी लावलीय ना.

या आया मला विचारतात, हे सगळं कुठं शिकलात? मी सांगते, मोबाईलवर बघून. मोबाईल हातात यायच्या कितीतरी आधीपासून मला हे येतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि एक बैल आहे. कागदाच्या लगद्याचा, वीतभर उंचीचा, पांढरा, शिंगं तांबडी. तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल ओढत नेतात ना, तसा, चाकांवरचा. खळीत तुरटी घातली की कागदाला कसर लागत नाही, हे दाखवायला मी तो दरवर्षी टेबलावर ठेवते. सव्वीस वर्षं झाली, बघा, एक छिद्र नाही. मागच्या वर्षी एका मुलीनं विचारलं, कोणी केला? मी म्हटलं, मी.

बघा, म्हणजे अजून चालूच आहे. जुनी गोष्ट सांगायला बसले आणि मागच्या वर्षीचंच खोटं निघालं.

बैल अनसूबाईंनी केला होता. माझी नणंद, नवऱ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी. मूल होत नाही म्हणून त्यांच्या नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा या आपली ट्रंक घेऊन माहेरी आल्या त्या कायमच्या. लहानपणी झाडावरून पडल्या होत्या, तेव्हापासून उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा वर राहिलेला. चालताना दुरूनही ओळखू यायच्या. हे खांद्याचं लक्षात ठेवा. मीही ठेवलं होतं.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला धड कणीक मळता येत नव्हती. आई लहानपणीच गेलेली, शिकवणार कोण? सासूबाई करड्या. नुसतं बघायच्या, बोलायच्या नाहीत – त्यापेक्षा शिव्या बऱ्या. अनसूबाईंनी मला हाताशी धरलं. त्यांचे हात फागुन-चैतात कोपरापर्यंत पिवळे असायचे. पळसाची फुलं सावलीत वाळवून पोत्यात भरून ठेवायच्या आणि वर्षभर लोकांची धोतरं, दुपटी, उशांचे अभ्रे रंगवून द्यायच्या. पहिल्यांदा मी एक ओढणी रंगवली आणि धुतल्यावर ती पांढरी झाली, तेव्हा हसून म्हणाल्या होत्या, "मंदा, रंगाले घरात घ्यायचं तं आधी तुरटीनं दार उघडा लागते. तू तं खिडकीतूनच फेकून राह्यली वं." गढूळ पाण्यात तुरटी किती वेळा फिरवायची, खळीत केव्हा टाकायची, तव्यावर तिची लाही कशी फुलवायची – सगळं त्यांचं. आज माझ्या वर्गात मी जे बोलते त्यातली निम्मी वाक्यं त्यांची आहेत. मी फक्त 'वं' गाळते.

मला दिवस गेले आणि घरात सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला. माझ्यापेक्षाही जास्त, खरं सांगते. मी घाबरलेली होते. त्यांनी जुनी मऊ धोतरं फाडून झबली शिवली, पिवळी रंगवली – पळसाचा रंग अंगाला गार असतो म्हणून. बैल तेव्हाच केला. मी म्हटलं, मुलगी झाली तर? त्या म्हणाल्या, "पोरीनं बैल ओढू नोये असं कोनं लिहून ठेवलं?"

मुलगीच झाली. मला माहेर असं नव्हतंच, बाळंतपण सासरीच झालं. माझं न्हाणं, शेक, डिंकाचे लाडू, लेकराची मालिश – सगळं अनसूबाईंनी केलं. आता इथून पुढचं मी अनेकदा मनात सांगून पाहिलंय आणि प्रत्येक वेळी कुठंतरी वळण घेतलंय. या वेळी सरळ सांगायचा प्रयत्न करते.

लेकरू त्यांच्या हातात गप्प व्हायचं. माझ्या हातात रडायचं. एवढंच होतं. त्या पिवळ्या हातांत गेलं की असं निवांत पडायचं, जसं काही तिथूनच आलंय. बायका बघायला यायच्या आणि म्हणायच्या, अनसूले पावली वं पोरगी. मी हसायचे. हसता हसता आतून जळायचे. विसाव्या वर्षी माणूस इतकं क्षुद्र असू शकतं? मी होते.

लेकरू महिन्याचं झालं तेव्हा मला अंगावर पाजताना फार दुखायला लागलं. चिरा पडल्या होत्या. सासूबाईंना सांगायची लाज. अनसूबाईंना सांगितलं. त्यांनी तव्यावर तुरटीची लाही केली, कुटून वस्त्रगाळ केली आणि एका छोट्या डबीत भरून दिली. बजावून सांगितलं, "पाजून झालं का लावजो. पन पाजायच्या आधी कोमट पान्यानं सप्पा धुऊन टाकजो. इसरू नोको. लेकराच्या तोंडात जाऊ नोये."

पहिल्या दिवशी मी धुतलं. पाणी लागलं की अशी आग व्हायची, डोळ्यांत पाणी यायचं. दुसऱ्या दिवशी नुसतं पदरानं पुसलं. आणि लेकरानं तोंड फिरवलं. पुन्हा लावलं, पुन्हा फिरवलं. सकाळपासून रड-रड रडलं, चमच्यानं पाजलेलं दूधही ओकून टाकलं. दुपारपर्यंत त्याचा आवाज बसला. मीही रडत होते. तुम्ही म्हणाल, तेव्हाच कसं नाही लक्षात आलं? मलाही हाच प्रश्न पडतो. पण तेव्हा खरंच आलं नाही. एवढं एक मी स्वतःला देते. यापुढचं काही देता येत नाही.

दिवेलागणीला सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. आमच्याकडे नजर तुरटीनं काढतात. तुमच्याकडेही काढत असतील. तुरटीचा खडा लेकरावरून डोक्यापासून पायापर्यंत सात वेळा उतरवायचा आणि निखाऱ्यावर टाकायचा. तो चुरचुरतो, वितळतो, फुगतो, आणि पांढरी लाही उभी राहते. त्या लाहीत ज्याची नजर लागली त्याचा आकार दिसतो असं म्हणतात. माणसाचा, बाईचा, कधी जनावराचा. मग ती लाही फोडून चौरस्त्यावर टाकायची. आकार बघणं हे घरातल्या मोठ्या बाईचं काम. पण सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटलेली होतीच. सासूबाईंनी मुठीत खडा धरला, पुटपुटत उतरवला. नवरा दारात उभा. मागच्या अंगणात अनसूबाई पिवळं दुपटं पिळत होत्या – पाणी पडल्याचा आवाज मला येत होता. खडा निखाऱ्यावर पडला. तुरटीचा तो जळका वास आला आणि त्या वासाबरोबर माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला.

तुरटी.

मी पदराआड बोट नेलं, अंगाला लावलं आणि जिभेवर टेकवलं. तुरट. जीभ आखडली. लेकराला कुणाचीच नजर लागली नव्हती. दिवसभर मी त्याच्या तोंडात तुरटी देत होते.

त्याच वेळी सासूबाई म्हणाल्या, "पाह्य वं मंदा, मले दिसत नाई. कोनावानी दिसून राह्यलं?"

मी शेगडीत बघितलं. लाही होती. तव्यावर शंभर वेळा फुलवलेली, तशीच. तिला कसलाही आकार नव्हता. ढगाला असतो तेवढा होता, म्हणजे काहीही म्हणावं. मी काय म्हणायला हवं होतं? आई, माझंच चुकलं, धुवायचं राहिलं. एवढे शब्द. सासूबाई चार दिवस बोलल्या नसत्या. बायकांत हसं झालं असतं – हिला आईपण जमेना, पोराला उपाशी मारत होती. बस, इतकंच झालं असतं.

मी म्हटलं, "एक खांदा वर दिसतोय."

नाव घेतलं नाही. लक्षात येतंय ना? करून सवरून नामानिराळी. नाव कधीच घेतलं नाही, त्यामुळे कुणी मला कधी विचारूही शकलं नाही.

हे घाबरून तोंडातून निसटलं असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. निसटलं नाही. शब्द तोंडाबाहेर काढायच्या आधी क्षणभर मला ते पिवळे हात दिसले होते, आणि त्या हातांत गप्प पडलेलं माझं लेकरू. मी बघून, निवडून बोलले.

अंगणातला पाण्याचा आवाज थांबला. खिडकीतून मी पाहिलं. अनसूबाई तशाच उभ्या होत्या, दुपटं हातात. मग त्यांनी पदर उजव्या खांद्यावर ओढून घेतला, अगदी गळ्यापर्यंत, थंडी वाजावी तसा. चैत महिना होता.

 ती सासूबाईंची मुलगी होती हो. पोटची. त्या नुसत्या शेगडीकडे बघत बसल्या, न दिसणाऱ्या डोळ्यांनी. नवरा बाहेर निघून गेला.

मी मोरीत गेले, कोमट पाण्यानं स्वच्छ धुतलं, दोनदा धुतलं, आणि लेकराला घेतलं. ते अधाशासारखं प्यायलं. घरात एकदम शांतता झाली आणि सासूबाईंचा आवाज आला, "उतरली." म्हणजे पुरावाही मीच दिला. लाही फोडली, पोर प्यायलं – हातच्या काकणाला आरसा कशाला? त्यानंतर मी खरं सांगितलं असतं तरी कुणी मानलं असतं का, असं कधी कधी वाटतं. पण मी सांगूनच पाहिलं नाही, तेव्हा ते वाटणंही बिनकामाचं.

कुणी भांडलं नाही. आमच्या घरात भांडत नाहीत. दुसऱ्या दिवशी मालिशीच्या वेळेला अनसूबाई तेलाची वाटी घेऊन आल्या, तर सासूबाईंनी वाटी त्यांच्या हातून घेतली आणि म्हणाल्या, राहू दे, मी करते. त्या आल्या की लेकरावर पदर यायचा. काजळाची तीट मोठी झाली. त्यांनी शिवलेली झबली माळ्यावर गेली, मग एक दिवस फरशी पुसायच्या फडक्यात मला त्यातलं एक दिसलं. पिवळं. रंग गेलेला नव्हता. अनसूबाईंनी मला एकदाही काही विचारलं नाही. डबीबद्दलही नाही. धुतलं होतं का, एवढंही नाही. त्यांच्या डोक्यात ते आलंच नाही, की आलं आणि त्यांनी गिळलं? मला आजही माहीत नाही.

दीड महिन्यानं त्या राजूरला गेल्या. वणीकडचं, कोळशाच्या खाणींचं राजूर. तिथं दूरची एक मावसबहीण होती, तिनं अंगणवाडीत खिचडी शिजवायचं काम लावून दिलं. निघताना मला म्हणाल्या, "लेकराले सांभाळजो." दारातून म्हणाल्या. आत आल्या नाहीत. लेकराकडे न बघता, चौकटीकडे बघत. मी नमस्कार केला. वाकले तेव्हा वाटलं, आता सांगावं. एसटीची वेळ झाली होती.

तेव्हापासून मला त्यांची आठवण येते. साधी आठवण नाही. मुलीला ताप आला की, खळीत गुठळ्या झाल्या की, पळसाला फुलं आली की. आणि पळसाला फुलं येतात तेव्हा आमच्याकडे पळून कुठं जाणार? यवतमाळच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी तेच. आईची मला आठवण नाही, इतकी लहान होते मी. पण आई या शब्दानं जे आठवायला हवं, ते मला अनसूबाईंचं आठवतं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. माळ्यावरून बैल काढला आणि जपला, एवढंच केलं. मुलीला मात्र तो कुणाचा ते कधी सांगितलं नाही.

सासूबाई गेल्या तेव्हा अनसूबाई आल्या होत्या. तेरावं होईपर्यंत मागच्या अंगणातच बसल्या. मुलीच्या लग्नाला आल्या नाहीत, एक पिवळं उपरणं पाठवलं. मुलगी म्हणायची, ही आत्या अशी का गं? मी म्हणायचे, स्वभाव.

यंदा मुलीला मुलगी झाली. चार महिन्यांची असताना वणीला एका लग्नाला गेलो होतो, तर नवरा अचानक म्हणाला, राजूर इथंच आहे, अनसूबाईला नात दाखवून येऊ. इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदा हे म्हटलं. 

एक खोली आणि पडवी. दाराशी मडकं, मडक्याच्या झाकणावर तुरटीचा खडा, फिरवून फिरवून गुळगुळीत झालेला. अनसूबाई आता वाकल्या आहेत. दोन्ही खांदे सारखेच वाटतात. आम्हाला बघून त्या हसल्या, आणि मुलीच्या कडेवरचं लेकरू दिसताच मान फिरवली. अशी सहज, की सवय आहे हे कळावं. सगळ्यांची विचारपूस केली मडक्याकडे बघून. मुलगी म्हणाली, आत्या, घ्या ना हिला. त्या म्हणाल्या, "हात ओले हायेत, बापा."

हात कोरडे होते.

मावसबहीण बोलकी. तीच सांगत बसली की अनसूनं बावीस वर्षं अंगणवाडीत खिचडी रांधली, पण एक दिवस पोरांना वाढली नाही. वाढायला दुसरी बाई. ही आपली चुलीपाशी, भिंतीकडे तोंड करून. "म्या म्हनलं, काहून वं? तं म्हनते, माही नजर वंगाळ हाय. घरच्यायनंच पाह्यलं हाय."

नवरा जमिनीकडे बघत होता. मी चहा प्यायले. पूर्ण प्यायले.

मग अनसूबाईंनी मला आत बोलावलं. चुलीपाशी आम्ही दोघीच. इतक्या वर्षांनी त्यांनी माझा हात धरला आणि हळू आवाजात विचारलं, "मंदा, तुह्या मोबाईलात फोटो हाय का वं तिचा?"

मी म्हटलं, आहेत, पुष्कळ आहेत.

"फोटोले नाई लागत ना नजर?"

सव्वीस वर्षांनी खरं सांगायचं ते दार पुन्हा माझ्यापुढे उघडं होतं. घरात शेगडी नव्हती, सासूबाई नव्हत्या, कुणी हसणारं नव्हतं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मी जे सांगेन ते त्या खरं मानणार होत्या, तेव्हासारखंच.

मी म्हटलं, "नाही. फोटोला नाही लागत."

त्यांनी हात पदराला पुसले. दोन्ही हातांनी मोबाईल धरला, डोळ्यांजवळ नेला, आणि बघत राहिल्या. "नाक आपल्या मायवानी हाय," म्हणाल्या. बाहेर पडवीत खरं लेकरू हसत होतं, चार पावलांवर. त्यांनी मान वर केली नाही. थोड्या वेळानं मोबाईलचा पडदा काळा झाला, तशा त्या घाबरल्या. मी पुन्हा फोटो लावून दिला. आणि बोटानं पुढचा कसा सरकवायचा, ते त्यांना शिकवलं.